साम्याचा रकाना

समुद्रगाय पाण्यात. वानरी झाडावर. पेनाचं टोपण दातांत. एकीची शेपटी वल्ह्यासारखी, दुसरीची अंगाहून लांब. रडणं. ब्लाऊज ओला. पुन्हा रडणं.

‘मॅनटी ही समुद्रगाय आणि हनुमान वानर यांची तुलना करा. फरक व साम्य लिहा.’

वडश्याच्या कॉलेजात, खिडकीजवळच्या बाकावर, संघप्रियानं फरकाचा रकाना भरला. साम्याचा कोराच. बाहेर कडुनिंबाखाली तिची थोरली जाऊ, नीलाबाई, संघप्रियाच्या तान्ह्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती.

नीलाबाईचं लेकरू नुकतंच गेलं होतं. दूध गेलं नव्हतं. आज निघताना सासू दारात आडवी आली होती, “मेल्या लेकराचं दूध माह्या नातवाले नाई पाजायचं. बाटलीच देजो.”

नीलाबाई खिडकीशी आली. “प्रिया, पिशवीत बाटली नाई व.”

“मग?” संघप्रियानं मान वर केली नाही.

“मग काय? माय काय म्हणे, आयकलं ना तू?”

“माहा पेपर हाय, बाई.”

“ओ बाई!” पहाऱ्यावरचे सर ओरडले. “कॉपी देऊन राह्यल्या का?”

“मले सही नाई येत सर, कॉपी कायची देऊ?”

वर्ग हसला. नीलाबाई मागे सरली. रडणं वाढलं. घोगरं झालं. तुटक झालं. संघप्रिया उठली.

“बाहेर गेली तं परत घेणार नाई,” सर म्हणाले.

बसली. लिहिलं : दोघीही पिल्लाला छातीशी धरतात. खोडलं. समुद्रगाय कशानं धरणार? पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा खोडणार, तेवढ्यात रडणं थांबलं.

तिनं बाहेर पाहिलं. नीलाबाई बुंध्याकडे तोंड करून बसली होती. पदर पुढे ओढलेला. पाठ हलत होती, हुंदक्यानं की झुलवण्यानं, कळेना. पदराखालून एक इवलं पाऊल बाहेर आलं होतं. बोटं आखडत होती, सुटत होती.

संघप्रियानं पेन उचललं. चालेना. झटकलं.

सकाळी, सासू अंगणात असताना, दुधाची बाटली पिशवीतून काढून संघप्रियानंच फळीवर ठेवली होती.