मागची शेवंती

"मुलगी काळी दिसते. फोटोत मागची शेवंती तेवढी चांगली आली." शिंदखेड्याच्या सुपडूभाऊंच्या या पत्राला तोतारामनानांनी अकरा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. स्थळासाठी पाठवलेला लेकीचा, रूपाचा, तो फोटो त्यांनीच काढला होता. चूक आपल्याच हाताची, असं त्यांना वाटत राहिलं.

परवा त्याच गावात रूपाचा सत्कार झाला. गुरांची डॉक्टर म्हणून तिने साथ आटोक्यात आणली होती. शेवंतीचा हार घेऊन सुपडूभाऊ तिच्या मागेच उभे. त्यांनी तिला आणि समोर कॅमेरा धरलेल्या नानांना, दोघा बापलेकींना ओळखलंच नाही.

"ओ फोटूवाले, मॅडमसंगे मना बी फोटू काढा!"

नानांनी रूपाच्या डोळ्यांवर फोकस धरला.

काल नानांनी तो फोटो सुपडूभाऊंच्या पत्त्यावर पोस्टात टाकला. पाठीमागे लिहिलं होतं, "या खेपेला मुलगी नीट आली. मागची शेवंती धूसर झाली, आणि ती धरून उभे असलेले तुम्हीही."