शांत झालेला डोंगर

भेगेवर धरलेल्या काडीची ज्योत पिवळीच राहिली, निळी होऊन उसळली नाही. खनिजाच्या भुकटीने कचऱ्यातला मिथेन वायू पुरता गिळला होता. कौसाबाईने काडी विझवली. कचऱ्याचा हा डोंगर पूर्वी बारमाही धुमसायचा. पायथ्याच्या वस्तीतल्या बायकांनी वर्षानुवर्षं चाळणीने भुकटी पेरून तो शांत केला होता.

“हवा छान झाली मावशी, आता इथे टॉवर येणार,” बिल्डरचा माणूस म्हणाला. “तुम्हाला शहराबाहेर घरं देऊ.”

“धूर होता तेव्हा कुठं होतात, साहेब?” बायकांतल्या गिरजाने विचारलं. “नाकाला लावायचा रुमाल धुवायला टाकला होता का?”

बायका खिदळल्या. मग सगळ्या कौसाबाईकडे बघू लागल्या. वस्तीच्या आजवरच्या प्रत्येक बैठकीत ती “बघू” एवढंच म्हणाली होती. तिने भुकटीची पाटी खाली ठेवली.

“आम्ही इथून हलणार नाही.”