लख्ख काच

ऐपत बेताची, म्हणून जुन्या बाजारात बंद स्विस घड्याळं स्वस्तात हेरायची, घरी खटपट करून चालू करायची, हा दादाचा नाद. नियम एकच: तबकडीवरचा डाग जपायचा, कारण घड्याळ अस्सल असल्याची तीच खूण, काचेवरच्या ओरखड्यांना कवडीची किंमत नाही. बहिणीने नवऱ्याचं घड्याळ दुरुस्तीला दिलं, तेव्हा त्याने मशीन साफ केलंच, प्लास्टिकची काचही टूथपेस्टने घासून लख्ख केली. “बघ, कसं नवंकोरं दिसतंय!” ती काचेच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. “काय शोधतेस गं?” “दात येताना छकुली हेच चावायची. इथे खुणा होत्या.” दादाच्या भाचीला जाऊन वर्षही झालं नव्हतं. “अगं, आधी सांगायचंस ना!” “चुकलंच माझं,” म्हणत तिने घड्याळ कानाशी धरलं. “चालतंय छान, दादा.” अंगठा मात्र काचेची कड चाचपतच होता.