दोष दारूचा

गेल्या हंगामात मॉन्टानाच्या डोंगरात लॉयलच्या हातून एक एल्क हरीण नुसतंच जखमी झालं आणि रानात कुठे जाऊन मेलं, ते सापडलंच नाही. तेव्हापासून त्याने दुकानातली काडतुसं बंद केली. घरीच दारूचा कण न् कण तोलून काडतुसं भरायला लागला. तरी निशाण्याच्या कागदावर भोकं आपली चहूकडे! दारू बदलून झाली, गोळ्या बदलून झाल्या, हंगाम तोंडावर आला.

"हीसुद्धा दारू भिकार निघाली!" सरावाच्या मैदानावर तो बायकोवरच खेकसला.

"दे इकडे, या वेळी मी भरून देते," म्हणत मार्लिसने रायफलमध्ये आपल्या खिशातलं एक काडतूस सरकवलं.

लॉयलने रायफल खांद्याला लावली, डोळा मिटला, चाप ओढला. नुसतं टक् वाजलं. बार उडालाच नाही, पण त्याचा खांदा आखडला आणि नळी हिसका बसल्यासारखी खाली गेली.

"बघ! आता तर उडतही नाही!"



"त्या काडतुसात मी दारू घातलीच नव्हती, लॉयल," मार्लिस हळूच म्हणाली. "मग तू दचकलास कशाला?"