सातव्या पानावर कोण अडलं?

सातवं पान आलं आणि प्राध्यापकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. तोंडात पेपरमिंटची गोळी होतीच. हा बंदोबस्त त्यांनी स्वतःहून केला होता.

विद्यापीठाचे ऑनलाइन अभ्यासक्रम सुधारणाऱ्या टीमच्या प्रमुख बाईंचा नियम साधा होता. अभ्यासक्रम खुला करण्याआधी, विषयाचा गंधही नसलेल्या एखाद्या माणसाला संगणकासमोर बसवायचं. शिकवणाऱ्यानं आणि टीमनं मागे बसायचं आणि अवाक्षर काढायचं नाही. माणूस अडला, की अभ्यासक्रम नापास. मागून कुणी तोंड उघडलं, तरी माणूस अडला असंच धरायचं.

प्राध्यापकांचा संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम चार वेळा नापास झाला होता. चारही वेळा याच पानावर. आधी ग्रंथपाल, मग ड्रायव्हर, मग दंतवैद्य, मग विद्यापीठाचा माळी. प्रत्येक वेळी विसाव्या सेकंदाला प्राध्यापक "अहो, सोप्पंय ते!" म्हणत खुर्चीतून उसळले होते. प्रत्येक वेळी टीमनं ते पान नव्यानं केलं. अक्षरं मोठी केली. चित्र घातलं. चित्र हलतं केलं. एकदा मागे बासरी लावली, आणि माळ्याला झोप लागेल म्हणून काढली.

आजची चाचणी शेवटची. आज नापास, तर अभ्यासक्रम यादीतून बाद, आणि प्राध्यापकांची दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

कामाला लावण्यासारखी माणसं संपली होती, म्हणून बाईंनी आपल्या आईला आणलं होतं. आईनं तीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलं होतं. सहा पानं तिनं झरझर उरकली. आता पडद्यावर प्रश्न होता: 'शंभर पुरुषांची मापं घेतली, त्यांची सरासरी काढली आणि त्या मापाचा एकच शर्ट शिवला. तो किती जणांना नीट बसेल?'

आईनं चष्मा कपाळावर चढवला आणि छताकडे पाहिलं.

वीस सेकंद गेली. चाळीस गेली. प्राध्यापकांच्या तोंडात गोळी कडकन फुटली, पण ओठ मिटलेलेच राहिले. एक मिनिट झालं. टीममधल्या चित्रकारानं डोळे मिटून घेतले. ज्याचं चित्र त्याला ठाऊक.

"अगं आई, खाली चौकट आहे ना, तिथे लिही!"

बोलल्या होत्या प्रमुख बाई.

प्राध्यापक सावकाश वळले. बाईंना एकदा तरी असं पकडावं, ही त्यांची चार चाचण्यांपासूनची इच्छा होती. ती पुरी झाली आणि अभ्यासक्रम बुडाला.

"मॅडम," ते म्हणाले, "जड जातं ना, गप्प बसणं?"

"नियम म्हणजे नियम, सर," बाई पडेल आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी निकालाचा कागद पुढे ओढला. त्यावर महत्त्वाचा रकाना एकच: 'विद्यार्थी कशात अडला?' तो कोरा राहिला तरच पास. मागच्या चारही वेळी तो टीमनं आपसात चर्चा करून भरला होता. आज समोर घरचं माणूस होतं. लाज कसली, म्हणून बाईंनी विचारूनच टाकलं.

"सांग आई आता. कशात अडलीस? अक्षरात, चित्रात की प्रश्नात?"

"अडले कुठं?" आई अजून छताकडेच पाहत होती. "माप देताना पुरुष पोट आत घेतात. ते सरासरीत धरायचं की नाही, याचा विचार करत होते, तेवढ्यात तू ओरडलीस."