अडतिसावं मिनिट

"चावी फिरवा, ताई. इंजिन चालू करू नका."

तिने चावी अर्धी फिरवली. मागची सीट उचलून मेकॅनिकने टाकीच्या झाकणाला कान लावला होता. दोन सेकंद बारीक गुणगुण झाली आणि थांबली.

"फ्युएल पंप वाजतोय. प्रेशरही बरोबर आहे." तो हात पुसत उठला. "काकांना मी तीनदा हेच सांगितलं. पण ते ऐकतात होय! मध्येच बंद पडते, मध्येच बंद पडते, एकच धोशा. गाडी ठणठणीत आहे. विकून टाका खुशाल."

वडील जाऊन एकोणीस दिवस झाले होते. ती अजून रडली नव्हती. कपडे देऊन झाले, कपाटं रिकामी झाली, आता गाडी. मेकॅनिकचं ऐकून तिला हायसं वाटायला हवं होतं. गाडी ठणठणीत असेल, तर तिचं म्हणणं बरोबर होतं.

गेले चार महिने दर रविवारी वडील तिच्याकडे येणार असायचे. दीड तासाचा रस्ता. गुडघ्यांमुळे बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. अकराच्या सुमाराला फोन यायचा. "अगं, गाडी बंद पडली. पुढच्या रविवारी बघू." मागे कसला तरी कलकलाट असायचा. शेवटच्या रविवारी ती म्हणाली होती, "बाबा, आधी तो टीव्ही बंद करा. यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा. घरात बसून खापर गाडीवर फोडू नका."

"बरं," ते म्हणाले. हळूहळू मागचा आवाज कमी झाला. म्हणजे टीव्हीच होता. मग त्यांनी फोन ठेवला. बुधवारी शेजाऱ्यांनी दार तोडलं.

आता चावी मेकॅनिकला द्यायची आणि निघायचं, एवढंच उरलं होतं.

"एकदा लांब नेऊन बघू या," ती म्हणाली. "माझ्या घराच्या रस्त्याने."

मेकॅनिकने प्रेशरचं मीटर नळीला जोडलं आणि समोरच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीने बसवलं. फळीवरचा एक नवा पंप उचलून डिकीत टाकला. "लागायचा नाही. पण नेला नाही की हमखास लागतो."

ती चालवत होती. काटा जागचा हलत नव्हता. घरं विरळ झाली, मग संपली.

"बघा, कशी लोण्यासारखी चाललीय. राग मानू नका, ताई, पण एकट्या माणसाला बोलायला काहीतरी दुखणं लागतं. स्वतःची सांगून संपली की गाडीची."

अडतिसाव्या मिनिटाला काटा थरथरला आणि खाली येऊ लागला. गाडीने दोन आचके दिले. तिने ती कडेला घेतली. तिथे एक लहानसं दुकान होतं, दुकानामागे तळं.

"फिरवा चावी." मेकॅनिक मागे वाकला होता. काही वाजलं नाही. "पुन्हा." काही नाही.

तो झाकणावर हात ठेवून तसाच राहिला. "गरम झाला की मरतो. थंड झाला की पुन्हा जिवंत. माझ्या दारात यायचा तो साव होऊन. आणि मी काकांना..." त्याने बॅटरीची वायर काढली आणि कामाला लागला.

ती गाडीला टेकून उभी राहिली. बिघाड खरा होता. हे तिने स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. आत काही हललं नाही. बिघाड ठाऊक होता म्हणून ते घरातून निघालेच नसतील. टीव्ही तर तिने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. तेवढं तिने धरून ठेवलं.

दुकानातून एक बाई पाण्याची बाटली, ओलं फडकं आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन लगबगीने आली.

"आज रविवार नाही, तरी कसे काय? पाणी लगेच नका ओतू, काका, आधी दहा मिनिटं..." ती थबकली. "काका कुठंयत?"

"वडील गेले," ती म्हणाली.

बाईने बाटली खाली ठेवली. खुर्ची तिच्यापुढे सरकवली. "तुम्ही लेक. बसा. गाडी थंड होईपर्यंत ते इथंच बसायचे. दोनदा पुढं जाऊन पाहिलं, पुन्हा अडकले. मग इथूनच मागं वळायचे."

ती बसली. जुना पंप रस्त्याकडेला वर्तमानपत्रावर पडला होता. मेकॅनिकने नवा बसवला, वायर जोडली, चावी फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन चालू झालं. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आता जाईल तुमच्या घरापर्यंत."

इंजिनाच्या आवाजासरशी तळ्यावरची बदकं कलकलाट करत धावत आली आणि खुर्चीभोवती माना उंचावून उभी राहिली.

"हाकला त्यांना," बाई म्हणाली. "फोनवर धड बोलू देत नाहीत. मागच्या खेपेला काका बोलता बोलता उठले आणि काठी टेकत पार त्या खांबापर्यंत गेले."