प्रेताच्या कामाबद्दल काही मतं

"आजी, हे बघ आजोबा!"

भाग्यश्रीने मोबाइल सारजाबाईच्या नाकासमोर धरला. हातावरची मेंदी अजून ओली होती, म्हणून ती करंगळीच्या टोकाने काच सरकवत होती.

मांडवात जातं मांडून झालं होतं. हळकुंडं सुपात होती. भाग्यश्रीच्या हळदीचं दळण, पाच सवाष्णी जमलेल्या. पहिला हात सारजाबाईचा, कारण ती घरातली थोरली सवाष्ण. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं.

"कुंकू तर हाय," जात्याजवळून शेजारची मुक्ताबाई म्हणाली, "पर धनी कुठं हाय?"

"मुंबईला हाय. शूटिंगवाल्यांनी नेला. मुकादम सोता सांगत आला व्हता."

"आन् चाळीस वर्सं शूटिंगच चाललंय व्हय?"

बायका हसल्या. भाग्यश्री हसली नाही. ह्याच टोमण्यासाठी तिने हा भाग शोधून काढला होता. दूरदर्शनवरची जुनी गुप्तहेर मालिका. कुणीतरी कॅसेटवरून उतरवून यूट्यूबवर टाकलेली. दौंडजवळच्या राहू गावच्या उसात चित्रण झालेलं. उसात एक प्रेत सापडतं. ते प्रेत म्हणजे कोंडिबा, तिचे आजोबा. तोडणीच्या टोळीतून, दिवसभर नुसतं पडून राहायला उचललेले.

"लोक काय म्हणतात तेही ऐका," ती मुक्ताबाईकडे बघत म्हणाली आणि खालची मतं मोठ्याने वाचू लागली.

दौंडचा_डॉन : मड्याचं पोट हलतंय राव! श्वास तरी धरायचा!

जुनं_ते_बघणारे : पहिल्या सीनला नाकपण फुरफुरतं. पाचट टोचत असणार बिचाऱ्याला.

सारजाबाई तोंडाला पदर लावून हसली. "घडीभर गप पडायचा न्हाई त्यो. झोपंत बी लाथा झाडायचा."

शिरूरकर_सतीश : हसू नका. दुपारच्या सीनला ह्याच माणसाने कमाल केली आहे. गुप्तहेर शेजारी बसून एवढं लांबलचक बोलतो, तेवढ्यात ह्याचा एक श्वास दिसत नाही.

निवृत्त_मास्तर : बुबुळावरून मुंगी चालत जाते, पापणी हलत नाही. आजकालच्या नटांनी शिकावं.

"बघा," भाग्यश्री म्हणाली. "मास्तर लोक म्हणतात."

"वाच की पुढं," तिची आई रंभा म्हणाली.

चुका_शोधणारा : पण गोंधळ किती! सकाळच्या सीनला प्रेताचे डोळे मिटलेले, दुपारच्या सीनला सताड उघडे. आणि खून गळा दाबून झालाय, तर घोट्यावर दातांच्या दोन खुणा कशाला रंगवल्या?

दौंडचा_डॉन : मेकअपवाल्याला गोष्टच सांगितली नसेल.

चुका_शोधणारा : सकाळच्या सीनला घोटा साफ आहे. मी थांबवून थांबवून बघितलं.

भाग्यश्रीने पुढचं मत, 'साप?', मनातच वाचलं आणि मोबाइल मागे घेतला.

"घोटा दाव," सारजाबाई म्हणाली.

"राहू दे गं आजी. लोक काहीबाही लिहितात."

"दाव म्हन्ते ना."

भाग्यश्रीने दाखवला. पाचटावर पसरलेला पाय. घोट्याच्या वर दोन ठिपके, आणि त्यांच्याभोवती काळपट, फुगलेली कातडी. शेजारी गुप्तहेराचा चकचकीत बूट. मग चेहरा. कोंडिबा पडद्यातून सरळ मांडवात बघत होता.

"हा माणूस आपल्याला काहीतरी सांगतोय," गुप्तहेर म्हणाला.

भाग्यश्रीने घाईने चित्र थांबवलं. नेमकं चेहऱ्यावर.

"बंद कर गं ते," मुक्ताबाई हळूच म्हणाली.

सारजाबाई मोबाइलवर वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली.

"डोळं तसंच ठिवलं मेल्यांनी."

तिने अंगठा आणि बोट काचेवर टेकलं, आणि सावकाश, झोपलेल्या पोराला करावं तसं, वरून खाली आणलं. बोटांबरोबर चित्रही खाली घसरलं. बारीक होऊन काचेच्या तळाशी जाऊन बसलं.

"आजी, तसं केलं की ते खाली जातं."

"जाऊ दे."

रंभा म्हणाली, "आत्याबाई, जातं थांबलंय."

सारजाबाई उठली. जात्यापाशी गेली. मुक्ताबाईने पटकन सरकून जागा केली.

"या वैनी. तुमीच बसा. माझं काय मनावर घेताय."

सारजाबाईने खुंट्याला हात लावला नाही. तिने मुक्ताबाईचं मनगट धरलं आणि तिचाच हात खुंट्यावर ठेवला.

"तू बस मुक्ते. मी लांबनं गाणं सांगते."

ती मांडवाच्या कडेच्या खांबाला टेकून बसली. जातं घरघरायला लागलं. बायकांनी गाण्याची वाट बघितली.

भाग्यश्रीला ते चित्र घालवायचं होतं. बंद करायला तिने ते करंगळीने वर ओढलं. चित्राऐवजी आधी मतंच उघडली गेली. सगळ्यात वर एक नवीन येऊन पडलं होतं. हे तिने मोठ्याने वाचलं नाही.

पाटसची_माया : आत्ताच पूर्ण भाग बघितला. कसल्या चुका काढताय? दोन्ही सीनला डोळे मिटलेलेच आहेत.